गोष्ट ऐकतां ऐकतां उठून जाणारें मूल

सकाळचे साडेदहा वाजले आहेत. खेड्यांतील एका अंगणवाडीची खोली. भिंतीवर फळांचीं व पक्ष्यांचीं चित्रें, पलीकडे चुलीवर खिचडीचें पातेलें, खालीं सतरंजी आणि सतरंजीवर तीन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंतचीं पंचवीस मुलें. बाईंनीं गोष्टीला आरंभ केला आहे. राजा, त्याची राणी, राणीचा मोर इतकें सांगून होतें न होतें तोंच उजवीकडचीं दोघें एकमेकांना ढकलूं लागतात. एक मुलगी शेजारणीच्या वेणीची रिबीन सोडते. एक अगदीं लहान मूल सतरंजीचा दोरा ओढीत आपल्याच तंद्रींत असतें. आणि साडेचार वर्षांचा एक मुलगा शांतपणें उठतो, दारापाशीं जातो व उंबऱ्यावर उभा राहून बाहेर बांधलेल्या शेळीकडे पाहूं लागतो. बाई हांक मारतात. तो वळत नाहीं. मग 'हाताची घडी, तोंडावर बोट' ही आज्ञा सुटते. चोवीस तोंडांवर चोवीस बोटें जातात, खोली शांत होते, आणि राजाची गोष्ट पुढें चालूं लागते.

ही शांतता ऐकण्याची शांतता आहे काय, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

मुलांना गोष्ट आवडते, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि तरीहि समूहांत गोष्ट सांगतांना मुलें हातीं लागत नाहींत, ही तक्रार बालवर्गाच्या बहुतेक प्रत्येक शिक्षिकेची असते. या विसंगतीचें कारण सहसा असें सांगितलें जातें कीं, मुलें पूर्वींसारखीं राहिलीं नाहींत. घरोघरीं मोबाईल आला, हलत्या-बोलत्या चित्रांची चटक लागली, आतां साध्या तोंडी गोष्टीवर त्यांचें मन बसत नाहीं. यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु मोबाईल येण्यापूर्वींहि बालवर्गांत हाताची घडी होतीच, आणि ती मुलांच्या हितासाठीं कमी व सांगणाऱ्याच्या सोयीसाठीं अधिक होती. शिवाय यंत्रांतली गोष्ट मुलासाठीं कधीं थांबत नाहीं, मूल हंसलें तर दुसऱ्यांदा तसेंच हंसवीत नाहीं, घाबरलें तर आवाज खालीं आणीत नाहीं. सांगणाऱ्या माणसाला हें सर्व करतां येतें. तें न करतां त्यानें यंत्राशीं स्पर्धा मांडली, तर तो हरणारच.

घरीं आजी गोष्ट सांगत असे तेव्हां तिची एक अट असे. ऐकणाऱ्यानें हुंकार द्यावयाचा. दर वाक्याला 'हं' म्हणावयाचें. हुंकार थांबला कीं आजीहि थांबे. अंधारांत नातवंड जागें आहे कीं झोपलें, हें तिला त्यावरून कळे हें खरें; पण त्याहून मोठें काम तो हुंकार करीत असे. तो गोष्टींत ऐकणाऱ्याचा वाटा राखून ठेवी. नातवाच्या 'हं'वांचून राजाचा घोडा एक पाऊलहि पुढें टाकीत नसे. म्हणजे घोडा हांकण्यांत नातवाचाहि हात असे. आजीजवळ दोन-तीन नातवंडें असत, बाईंजवळ पंचवीस मुलें आहेत. पंचवीस जणांनीं दर वाक्याला 'हं' म्हटलें तर गलका होईल, या भीतीनें वर्गांतून हुंकारच काढून टाकला गेला, आणि त्याच्या जागीं तोंडावरचें बोट आलें. समूहांत मुलांचें मन गोष्टींत राखावयाचें असेल, तर तो हुंकार कोणत्या ना कोणत्या रूपानें परत आणला पाहिजे. बाकीच्या साऱ्या युक्त्या त्याच्या मागून येतात.

कीर्तनकाराला हें मर्म पूर्वींपासून अवगत आहे. त्याच्यापुढें कधीं कधीं दोन-तीनशें माणसें असतात. रात्र झालेली असते. श्रोत्यांत दिवसभर शेतांत राबलेलीं माणसें असतात. निरूपण लांबूं लागलें कीं तो मध्येंच विठ्ठलनामाचा गजर करवितो. टाळ्या वाजतात, टाळ वाजतात, पेंगणारा सावध होतो, आणि आख्यान पुन्हां सुरू होतें. पेंगणाऱ्याचें नांव घेऊन त्याला उठविण्याची पाळी त्याच्यावर येत नाहीं. मोठ्या माणसांनाहि जेथें असा आधार लागतो, तेथें चार वर्षांच्या मुलानें निश्चल बसून केवळ कानांनीं गोष्ट प्यावी, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

भावनगरच्या गिजुभाई बधेका यांनीं (१८८५–१९३९) वकिली सोडली व १९२० सालीं दक्षिणामूर्तीचें बालमंदिर सुरू केलें. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकांतला शिक्षक चौथ्या इयत्तेचा वर्ग हातीं घेतो, आणि मोठ्या उत्साहानें पहिल्याच दिवशीं शांततेचा खेळ मांडतो. खेळ साफ फसतो. मुलें दंगा करतात, टिंगल करतात, आणि शेवटीं शिक्षकाला त्यांस घरीं सोडून द्यावें लागतें. दुसऱ्या दिवशीं तो गोष्ट सांगावयास बसतो, आणि तींच मुलें त्याच्याभोवतीं गोळा होतात. हा क्रम लक्षांत ठेवण्याजोगा आहे. आधीं शांतता व मग पुढचें सारें, असा त्याचा बेत होता. घडलें तें उलट. गोष्ट आली आणि तिच्या पाठोपाठ शांतता आली. आजहि पुष्कळ वर्गांत पहिल्या दिवसाचाच प्रयोग वर्षभर चालतो, ही खेदाची गोष्ट आहे.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनीं बालशिक्षणाचें हें काम महाराष्ट्रांत आणलें. १९४५ सालीं बोर्डी येथें त्यांनीं ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलें; अनुताई वाघ त्यांना तेथेंच येऊन मिळाल्या. पुढें कोसबाडच्या टेकडीच्या परिसरांत आदिवासी मुलांसाठीं काम करतांना दोघींच्या असें ध्यानांत आलें कीं, मुलें बालवाडीकडे येत नाहींत. तेव्हां त्यांनीं बालवाडीच मुलांच्या अंगणांत नेली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणावर शाळा नेली. 'अंगणवाडी' या शब्दामागें तो खटाटोप आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि आज तिच्या केंद्रांना देशभर जें नांव आहे तें अंगणवाडीचेंच. मूल येत नसेल तर आपण त्याच्याकडे जावें, हा विचार त्या नांवांत आहे. गोष्टीच्या वेळीं उठून जाणाऱ्या मुलालाहि तोच लावून पाहण्यासारखा आहे.

आतां खोलींतली व्यवस्था. ही बाब क्षुल्लक वाटते, पण निम्मा दंगा येथेंच जन्माला येतो. बाई खिडकीकडे पाठ करून बसल्या कीं मुलांना त्यांचा चेहरा काळोखांत दिसतो. डोळे दिसत नाहींत, ओठ दिसत नाहींत, आणि चेहरा दिसेनासा झाला कीं लहान मुलाला अर्धी गोष्ट ऐकूं येईनाशी होते. उजेड बाईंच्या चेहऱ्यावर पडावा, आणि रस्त्याकडचें दार मुलांच्या पाठीशीं असावें. मग गल्लींतून जाणारी बैलगाडी किंवा फटफटी फक्त बाईंना दिसते, आणि त्यांनीं तिच्याकडे पाहिलें नाहीं तर ती गेली हें मुलांना फारसें जाणवतहि नाहीं. मुलें अर्धगोलांत, फार तर दोन रांगांत, बाई ठेंगण्या पाटावर. पूर्ण गोल करून बसविण्याची हौस पुष्कळांस असते. त्यांत बाईंच्या दोन्ही अंगांना बसलेल्या मुलांना बाईंचा एक कानच तेवढा दिसतो. चुळबुळ करणाऱ्या मुलांना शिक्षा म्हणून मागें बसविण्याचा प्रघात तर उरफाटाच म्हटला पाहिजे. ज्याला सर्वांत अधिक जवळीक हवी, त्यालाच सर्वांत दूर टाकावयाचें!

वेळेचेंहि तसेंच आहे. पलीकडे खिचडीला फोडणी बसली कीं गोष्टींतल्या राजाचें कांहीं चालत नाहीं. गोष्ट त्याच्या पुष्कळ आधीं व्हावी, आणि तिच्यापूर्वीं मुलांचे हातपाय थोडे दमलेले असावेत. अंगणांत धांवून आलेलें मूल बसण्यास राजी असतें, तासभर बसलेलें मूल नसतें. मोठ्या मुलांना दहा मिनिटें, तीन वर्षांच्या बाळांना पांच-सहा मिनिटें पुरे. गोष्ट रंगली म्हणून लांबवूं नये. 'आणखी एक' अशी मागणी असतांनाच जो सांगणारा उठतो, त्याची दुसऱ्या दिवशीं वाट पाहिली जाते.

खरी अडचण निराळीच आहे. तीन वर्षांचें मूल आणि साडेपांच वर्षांचें मूल एकाच सतरंजीवर बसतें. लहानग्याला तेंच तें पुन्हां हवें असतें; मोठ्याला पुढें काय झालें याची घाई असते. एकाला गोष्ट पेलत नाहीं, दुसऱ्याला पुरत नाहीं. या ठिकाणीं आपल्याकडची चिमणी-कावळ्याची जुनी गोष्ट कामास येते. कावळ्याचें घर शेणाचें, चिमणीचें मेणाचें. पाऊस येतो, शेणाचें घर वाहून जातें, आणि कावळा चिमणीचें दार वाजवूं लागतो. चिमणी दर खेपेला बाळाचें कांहींतरी निमित्त सांगून त्याला थांबवून ठेवते. या गोष्टीला 'पोरकट' म्हणून नाक मुरडणारीं माणसें आहेत. पण तिची घडण पाहावी. दार वाजविणें हें दर खेपेला तेंच. तें तीन वर्षांच्या मुलानें जमिनीवर हात आपटून करावें. निमित्त मात्र दर खेपेला नवें. तें मोठ्यांनीं सुचवावें. बाईंनीं नुसतें विचारावें, 'आतां चिमणी बाळाचें काय करीत असेल बरें?' मग कोणी त्याला न्हाऊं घालतें, कोणी तीट लावतें, कोणी त्याचे दांत घांसतें, कोणी त्याला लस टोंचून आणतें. एका मुलीनें सांगावें कीं चिमणी बाळाच्या आधारकार्डासाठीं रांगेंत उभी आहे, म्हणून दार उघडत नाहीं. तर तेंहि बाईंनीं मान्य करावें. गोष्ट बिघडत नाहीं. लहान व मोठीं दोघेंहि तींत आपापल्या परीनें हुंकार देत असतात, आणि पंचवीस जण एकाच वेळीं बोलत नसल्यामुळें गलकाहि होत नाहीं.

अशा गोष्टींत पालुपद येतें. पालुपदाच्या अगदीं आधीं बाईंनीं थांबावें, श्वास घ्यावा, डोळे मोठे करावेत, आणि शब्द स्वतः उच्चारूं नये. तो मुलांनीं उच्चारावा. हें थांबणें फार कठीण आहे. शिक्षकी पेशांतल्या माणसाला स्वतःचें बोलणें इतकें सवयीचें झालेलें असतें कीं, दोन पळांची निःशब्दता त्याला अपयशासारखी वाटते. गलका वाढला कीं आवाज चढविण्याची प्रवृत्तिहि तशीच सवयीची. वास्तविक अशा वेळीं आवाज खालीं आणावा. कोल्हा झाडामागून येत आहे, त्याचें पाऊल वाजूं नये, म्हणून बाईहि कुजबुजत आहेत, असें झालें कीं मुलें आपोआप पुढें झुकतात. मुलांच्या आवाजावर आवाज चढवून आजवर कोणी जिंकल्याचें पाहण्यांत नाहीं.

तीच गोष्ट पुन्हां सांगण्याचा कंटाळा बाईंना येतो, मुलांना येत नाहीं. याविषयीं २०११ सालीं जेसिका हॉर्स्ट व त्यांचे सहकारी यांनीं इंग्लंडांत तीन वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं मुलांना तेंच गोष्टीचें पुस्तक पुनःपुन्हां वाचून दाखविलें, कांहींना निरनिराळीं पुस्तकें वाचून दाखविलीं. नवे शब्द दोघांच्याहि कानीं सारख्याच वेळां पडतील अशी योजना होती. तीच गोष्ट पुनःपुन्हां ऐकलेल्या मुलांनीं ते शब्द अधिक चांगले आत्मसात् केले. आजीला हें सांगण्यास प्रयोगाची गरज नव्हती. परंतु आठवड्याला पांच नव्या गोष्टी झाल्याच पाहिजेत असा आग्रह धरणाऱ्या निरीक्षकाला दाखविण्यास असा आधार जवळ असलेला बरा.

मध्येंच बोलणाऱ्या मुलाचें काय करावें, हा प्रश्न नेहमीं विचारला जातो. गोष्टींत गाय आली कीं कोणीतरी म्हणणारच, 'माझ्या मामाकडे पण गाय आहे!' हा व्यत्यय नव्हे. हाच तो हुंकार, जरा लांबलेला. 'हो का? मग ही गाय तुझ्या मामाच्या गायीसारखीच होती,' इतकें म्हणून बाईंनीं तत्काळ पुढें जावें. 'मधें बोलूं नको' म्हटल्यानें एक मूल दुखावतें. उलट मामाच्या गायीची सविस्तर चौकशी केली तर आणखी चोवीस मामांच्या गायी गोठ्यांतून बाहेर पडतात. १९८८ सालीं अमेरिकेंतील ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं असें दाखविलें कीं, आईबापांनीं चित्रांचें पुस्तक वाचतांना मुलाला प्रश्न विचारले, त्याच्या उत्तरांत भर घातली, व त्यालाच बोलतें केलें, तर त्याची बोलण्याची शक्ति लक्षणीय वाढते. तेव्हांपासून बालवर्गांत प्रश्न विचारण्याची लाट आली. मात्र एक गोष्ट नजरेआड होते. तो प्रयोग मांडीवरच्या एका मुलाचा होता. पंचविसांच्या मेळाव्यांत दर पानाला प्रश्न विचारले तर दोन चुणचुणीत मुलें उत्तरें देतात, आणि तेवीस मुलें गोष्ट हरवून बसतात. सर्वांसमोर कृति व पालुपद ठेवावें. प्रश्न नंतर, चार-पांच मुलांच्या लहान घोळक्यांत विचारावेत.

पुस्तकांतील चित्रें दाखवीत गोष्ट सांगावयाची असेल, तर बाईंनीं ती आधीं तोंडपाठ करावी. पुस्तक स्वतःकडे वळवून दोन ओळी वाचावयाच्या, मग तें उलटें फिरवून मुलांकडे धरावयाचें, या फिरवाफिरवींत मुलें दर वेळीं एकदां सुटतात. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पिंगुळीचे चित्रकथी सुट्या कागदांवरचीं चित्रें एकामागून एक प्रेक्षकांसमोर धरीत रामायण-महाभारतांतील कथा वाद्यांच्या साथीनें गात आले आहेत. चित्र सतत प्रेक्षकांकडे, कथा सांगणाऱ्याच्या मुखांत. पान आपल्यासाठीं वळविण्याचा प्रश्नच नाहीं. अंगणवाडींतल्या बाईंनीं याहून निराळें कांहीं करावयाचें नाहीं. चित्र या टोंकापासून त्या टोंकापर्यंत हळूहळू फिरवावें, आणि तें फिरत असतांना बोलूं नये. डोळे भरले कीं कान मोकळे होतात.

शब्दांचा एक अडसर असतो, तोहि सांगितला पाहिजे. कोंकणांतल्या पुष्कळ घरांत विहिरीला बाव म्हणतात. गोष्टींतला सिंह विहिरींत डोकावला, आणि ऐकणाऱ्या मुलाच्या घरीं विहीरच नसली, तर सिंहानें कोठें उडी टाकली हें त्याला कसें कळावें? तें मूल गप्प राहील, किंवा उठून जाईल. ऊस तोडणीसाठीं आलेल्या बिऱ्हाडांतलीं मुलें, पाड्यावरचीं मुलें, परप्रांतांतून आलेल्या मजुरांचीं मुलें यांच्या बाबतींत तर हें रोजचेंच आहे. गोष्टींतले दोन-चार मुख्य शब्द त्यांच्या बोलींतहि एकदां सांगून टाकण्यास फारसे कष्ट पडत नाहींत.

असो. उंबऱ्यावरचा तो मुलगा अजून शेळीकडे पाहत उभा आहे.

त्याच्याविषयीं अंगणवाडींत सर्वांचें मत एकच झालें होतें. मुलगा हट्टी आहे. त्याच्या आईचेंहि तेंच म्हणणें पडलें. 'बाई, घरीं पण असाच करतो. हांक मारा, ओ म्हणून देत नाहीं. मग खातो मार बापाच्या हातचा.' दीड वर्षानें तो पहिलींत जाणार होता, आणि 'हट्टी' हा शब्द त्याच्या आधीं शाळेंत पोंचणार होता. हट्टीपासून मंद या शब्दापर्यंतचें अंतर फार नसतें. वर्गांत साठ-सत्तर दिवस गेले कीं तें काटलें जातें.

एके दिवशीं बाईंनीं चिमणी-कावळ्याची गोष्ट काढली. कावळा निघाला त्या वेळीं हा नेहमींप्रमाणें उंबऱ्यावर होता. त्याला ओढून आंत आणण्याऐवजीं बाई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या, खांद्याला धरून त्याला आपल्याकडे वळविलें आणि म्हणाल्या, 'बाळा, तूं कावळा. मीं कावळा आला म्हटलें कीं हें दार वाजवायचें.' मुलगा हंसला. पहिल्या खेपेला दार असें दणाणलें कीं बाहेरची शेळी दाव्याला हिसके देऊं लागली. दुसऱ्या खेपेपर्यंत तो पुन्हां बाहेर पाहूं लागला होता. बाईंनीं म्हटलें, 'कावळा आला.' दार वाजलें नाहीं. बाईंनीं पुन्हां म्हटलें. मग सारीं मुलें ओरडलीं. तेव्हां तो दचकून वळला, पण कशासाठीं ओरडलीं हें त्याला कळलें नव्हतें. बाईंचा चेहरा पाहिला, ओठ पाहिले, आणि लगेच दोन्ही मुठींनीं दार वाजविलें. तिसऱ्या खेपेला तो बाईंकडे पाहत होता. दार अगदीं वेळेवर वाजलें. चौथ्या खेपेला पाठ होती, वाजलें नाहीं.

मदतनीस मावशी पातेलें उतरवितां उतरवितां हें पाहत होत्या. त्या म्हणाल्या, 'बाई, पोराला ऐकूं कमी येतंय.'

वारंवार सर्दी होणाऱ्या लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागें कधीं कधीं पाणी सांचतें. कान बहुधा ठणकत नाहीं, वाहत नाहीं. म्हणून घरांत कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मूल बहिरें होत नाहीं. जवळचें व समोरचें त्याला ऐकूं येतें, मागचें व लांबचें अस्पष्ट येतें. आज बरें, तर पंधरा दिवसांनीं कमी. पुष्कळ मुलांत तें पाणी दोन-तीन महिन्यांत आपोआप ओसरतें, कांहींना उपचार लागतात. २०१३ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमांत वैद्यकीय पथकानें अंगणवाडींतल्या मुलांची वर्षांतून दोनदां तपासणी करावी अशी योजना आहे, आणि कानाचे विकार त्या तपासणींत येतात. पण पथकापुढें पंचवीस मुलें असतात आणि वेळ थोडा असतो; अमुक मूल पाठमोरें असतांना हांकेला ओ देत नाहीं, हें त्यांना बाईंनींच सांगावें लागतें. येथें तें सांगितलें गेलें. मुलाला रुग्णालयांत पाठविलें; तेथें दोन्ही कानांत पाणी असल्याचें आढळलें. डॉक्टरांनीं तीन महिन्यांनीं पुन्हां दाखविण्यास सांगितलें, आणि तोंवर त्याला जवळ बसवून, समोरून, चेहरा दिसेल असें बोलत जा म्हणून बजाविलें. बापाला हें सर्व बाईंनीं समजावून दिलें तेव्हां तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.

उठून जाणाऱ्या सर्वच मुलांचे कान बिघडलेले असतात, असा याचा अर्थ कोणी करूं नये. कोणी उपाशी आलेलें असतें. कोणाला लघवीला जावयाचें असतें व सांगण्याचा धीर होत नाहीं. कोणी रात्रभर तापानें जागलेलें असतें. आणि कोणाला शेळी खरोखरच राजापेक्षां अधिक रंजक वाटते, यांत त्याचें फारसें चुकतें असेंहि नाहीं. मात्र चोवीस तोंडांवर चोवीस बोटें असतांना यांपैकीं कोणतें कारण आहे, हें कळण्याचा मार्गच बंद होतो. ध्वनिक्षेपकापुढें बसलेल्या वक्त्याला श्रोता केव्हां उठून गेला हें कधींच कळत नाहीं. बाईंना तें त्याच क्षणीं दिसतें.

मुलगा आतां पुढच्या रांगेंत, बाईंच्या गुडघ्यापाशीं बसूं लागला. अधूनमधून तो अजूनहि उठे, पण खांद्याला हात लावला कीं परत बसे. कांहीं आठवड्यांनीं चिमणी-कावळ्याची गोष्ट पुन्हां निघाली. मुलांनीं दार वाजविलें. दार उघडलें नाहीं. बाईंनीं विचारलें, 'आतां कां बरें उघडत नाहीं चिमणी?' कोणी म्हणालें, बाळाला काजळ घालते. कोणी म्हणालें, बाळ झोपलें आहे. तो मुलगा बाईंच्या तोंडाकडे पाहत होता. तो म्हणाला, 'तिला ऐकूंच येत नाहीं. जोरानें वाजवा.'

बाई क्षणभर थांबल्या, आणि गोष्ट त्यांनीं तशीच पुढें नेली. त्या दिवशीं चिमणीचें दार पंचवीस मुलांनीं दोन्ही हातांनीं सतरंजीवर वाजविलें.